खालून कापलेली बातमी

वृत्तसंस्थेकडून आलेली बातमी जागेत बसवायची असेल तर ती खालून कापायची. वर्तमानपत्राच्या डेस्कवर नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. बातमी लिहिणारा वार्ताहरही हे धरूनच लिहितो. किती मेले, कुठं मेले, जबाबदारी कुणी घेतली, हे वरच्या दोन परिच्छेदांत. ही माणसं मुळात भांडतात कशासाठी, हे तळाच्या तीन-चार परिच्छेदांत. मराठी दैनिकाच्या विदेश पानाकडे सहाशे शब्दांचा मजकूर येतो आणि जागा असते दीडशे शब्दांची. ऐनवेळी जाहिरात आली की शंभराची. पान सोडायची वेळ ठरलेली असते. डेस्कवर बसलेला माणूस कितीही वाचलेला असो, तळाचे परिच्छेद जातात.

नोकरीतली बहुतेक वर्षं मी याच पानावर काढली. अरब जगाबद्दल आणि इस्लामबद्दल मराठी वाचकाच्या मनात जे चित्र आहे, त्याचा बराचसा भाग या कापाकापीतून घडलेला आहे, असं माझं मत आहे. ठरवून विष पेरणारे आहेतच. त्यांचे व्हॉट्सॲप गट आहेत, रात्री नऊला आरडाओरडा करणाऱ्या वाहिन्या आहेत. पण त्यांचं काम सोपं होतं ते सभ्य, सरळ, कुणाचं वाईट न चिंतणाऱ्या बातमीमुळे. तिच्यात खोटं काही नसतं. फक्त ‘का’ नसतं. ‘का’ची जागा रिकामी राहिली की वाचक ती भरतो, आणि त्याच्या हाताशी एकच उत्तर असतं: त्यांचा धर्मच तसा.

येमेनचं उदाहरण घेऊ. २०१५च्या एप्रिलमध्ये येमेन आपल्या पहिल्या पानावर होता. सौदी अरेबिया आणि त्याच्या मित्रदेशांनी मार्चअखेर हवाई हल्ले सुरू केले होते. भारतानं ‘ऑपरेशन राहत’ हाती घेऊन साडेचार हजारांहून अधिक भारतीयांना तिथून बाहेर काढलं, शिवाय इतर चाळीसेक देशांच्या साडेनऊशेवर नागरिकांनाही. एडनहून नौदलाच्या जहाजांनी माणसं जिबुतीला पोहोचवली. अभिमान वाटावा अशीच ती कामगिरी होती. मग आपली माणसं परतली आणि येमेन पानावरून गेला. युद्ध मात्र चालूच राहिलं. २०१७ साल संपता संपता तिथल्या कॉलऱ्याच्या संशयित रुग्णांचा आकडा दहा लाखांवर गेला. २०२१ अखेरपर्यंत या युद्धानं सुमारे ३ लाख ७७ हजार बळी घेतले, असा संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा अंदाज आहे. त्यातले निम्म्याहून अधिक बॉम्ब-गोळीनं गेले नाहीत. ते भूक, रोगराई आणि उपचारांअभावी गेले.

मधल्या काळात येमेनची जी काही बातमी यायची, तिच्यात एक ठरलेला तुकडा असायचा. एका बाजूला ‘इराणचा पाठिंबा असलेले शिया हौथी बंडखोर’, दुसऱ्या बाजूला ‘सुन्नी सौदी अरेबियाचा पाठिंबा असलेलं सरकार’. तेवढं वाचून वाचक पान उलटतो. शिया-सुन्नींचं चौदाशे वर्षांचं वैर, आणखी काय समजून घ्यायचं?

आता कापलेले परिच्छेद वाचू. हौथी झैदी पंथाचे. झैदी शियांमध्ये मोडतात, पण त्यांचं धर्मशास्त्र बऱ्याच बाबतींत सुन्नींच्या जवळचं आहे. उत्तर येमेनच्या डोंगरी भागात झैदी इमामांची सत्ता चढउतारांसह जवळजवळ हजार वर्षं टिकली आणि १९६२च्या लष्करी उठावानं संपली. त्यानंतर यादवी पेटली. उठाव करणाऱ्या प्रजासत्ताकवाद्यांच्या मदतीला इजिप्तच्या नासर यांनी फौज धाडली. पदच्युत झैदी इमामाच्या मागे पैसा आणि शस्त्रं घेऊन कोण उभं राहिलं? सौदी अरेबिया. म्हणजे सुन्नी सौदी राजघराणं शिया इमामाच्या बाजूनं, सुन्नी इजिप्तच्या विरुद्ध. सौदींना आपल्या दाराशी प्रजासत्ताक नको होतं, राजाला राजा वाचवायचा होता. पंथाचा प्रश्नच नव्हता.

पुढची गोष्ट तर याहून गुंतागुंतीची. येमेनवर तीन दशकं राज्य केलेले अली अब्दुल्ला सालेह स्वतः झैदी घरातले. त्यांनी २००४ ते २०१० या काळात हौथींविरुद्ध सहा लढाया केल्या. २०११च्या जनआंदोलनामुळे सत्ता गेल्यावर त्यांनी त्याच हौथींशी हातमिळवणी केली आणि २०१४च्या सप्टेंबरात राजधानी साना हौथींच्या हाती पडली. डिसेंबर २०१७मध्ये त्यांनी पुन्हा बाजू बदलली आणि हौथींच्याच हातून मारले गेले. तिकडे दक्षिणेत वेगळंच दुखणं. दक्षिण येमेन १९९०पर्यंत स्वतंत्र देश होता, तोही मार्क्सवादी. तिथले फुटीरतावादी संयुक्त अरब अमिरातीच्या पाठबळावर २०१९च्या ऑगस्टमध्ये एडनमध्ये सौदीसमर्थक सरकारी फौजांशी लढले. दोन्हीकडे सुन्नी.

यात धर्माचा संबंध नाही, असं मी म्हणत नाही. हौथींच्या घोषणा, त्यांची शिबिरं, त्यांचा राज्य करण्याचा दावा हे सगळं धर्माच्या भाषेतलं आहे. पण टोळ्यांची निष्ठा, बंदरांवरचा ताबा, थकलेले पगार, आटलेलं पाणी, शेजाऱ्यांची गणितं हेही तितकंच खरं आहे. दीडशे शब्दांच्या बातमीत यातलं एकच कारण शिल्लक उरतं, कारण तेच दोन शब्दांत मावतं.

निवृत्तीनंतर मी अरबी शिकायला लागले. पुण्यात येमेन, सुदान, इराक इथून विद्यार्थी वर्षानुवर्षं येताहेत. कोंढव्यात ‘मंदी’ हा अरबी पदार्थ मिळणाऱ्या हॉटेलांत संध्याकाळी गेलात तर अर्ध्या टेबलांवर अरबी कानावर पडते. माझा शिक्षक अशांपैकीच एक, ताइझ शहरातला, औषधनिर्माणशास्त्रात संशोधन करणारा. मला ‘खाला’, म्हणजे मावशी, म्हणतो. धड्यानंतर आमचा एक रिवाज आहे. मी मराठी पेपरमधली त्याच्या भागातली बातमी त्याला हिंदीतून सांगायची आणि त्यानं प्रश्न विचारायचे. त्याचे प्रश्न डेस्कवर आम्हाला कुणी विचारले नव्हते. ‘बंडखोर’ म्हटलंय, पण कुठल्या गावचे? ‘सूत्रांनी सांगितलं’ म्हणजे कुणाच्या बाजूच्या सूत्रांनी? बाजारावर हल्ला झाला, तर त्या दिवशी बाजारवार होता का?

एकदा त्यानं कागदावर त्याच्या शहराचा नकाशा काढून दाखवला. ताइझच्या मधून लढाईची आघाडी गेली. त्याच्या आईवडिलांचं घर एका बाजूला आणि मावशीचं दुसऱ्या बाजूला. पूर्वी पंधरा मिनिटांचा रस्ता. वेढा पडल्यावर डोंगराला वळसा घालून, चौक्या-चौक्यांवर थांबत, पाच-सहा तास. रुग्ण, भाजीवाले, परीक्षेला जाणारी पोरं, सगळे याच वळशानं. वर्षानुवर्षं हे चाललं आणि २०२४च्या जूनमध्ये तो मुख्य रस्ता पुन्हा खुला झाला. ‘तुमच्या पेपरात आलं होतं का, खाला?’ त्यानं विचारलं. आलं नव्हतं. रस्ता उघडला ही आपल्याकडे बातमी होत नाही. त्या दिवशी त्याच्या आईनं बहिणीच्या घरी जाऊन दुपारचं जेवण केलं, एवढंच तो म्हणाला आणि पुढचं क्रियापद लिहायला घेतलं.

मी परभणीची. त्याला मी आमच्याकडच्या चाऊस मंडळींबद्दल सांगितलं तेव्हा तो आधी हसला आणि मग म्हणाला, हद्रमौतची माणसं, ती कुठंही सापडायची. येमेनच्या हद्रमौत भागातून आलेले अरब निजामाच्या फौजेत होते. हैदराबादचं बारकस हे त्यांचंच. परभणी, नांदेड, औरंगाबाद इथली चाऊस घराणी त्यांच्याच वंशातली. आमच्या गल्लीतल्या चाऊसकाकांचं लाकडाचं दुकान होतं आणि ते अस्सल परभणीची मराठी बोलायचे. येमेनची बातमी मी रोज हाताळत होते त्या काळात परभणीच्या कुठल्याही वाचकाला असं कुणी सांगितलं नसेल, की ज्या मुलखावर बॉम्ब पडताहेत तिथून तुमच्या शेजाऱ्याचा खापरपणजोबा आला होता.

हा संबंध निजामापुरता नाही. १८१८मध्ये मालेगावचा नारोशंकरांचा भुईकोट इंग्रजांविरुद्ध जवळपास महिनाभर लढवला तो अरब शिबंदीनं. त्याहून मागे जायचं तर पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याचा शके ८४८चा, म्हणजे इसवी सन ९२६चा ताम्रपट आहे. त्या वेळी संजाण परिसराचा कारभार राष्ट्रकूटांच्या वतीनं पाहणारा अधिकारी अरब मुसलमान होता. ताम्रपटात त्याचं मुहम्मद हे नाव संस्कृत वळणानं ‘मधुमती’ असं आलं आहे. आणि त्याच्या अमलात एका देवीच्या मठासाठी जमीन दिल्याची ही नोंद आहे. अकराशे वर्षांपूर्वीच्या या व्यवहारात कुणाला काही नवल वाटल्याचं त्या ताम्रपटावरून दिसत नाही. हा इतिहास गोड-गोड करून सांगायची गरज नाही. तलवारीचा इतिहासही त्याच किनाऱ्यावर आहे. पण अरब म्हणजे विदेश पानावरचा माणूस, ही समजूत मात्र या नोंदींपुढे टिकत नाही.

आता काही हिशेब झटपट मांडते, कारण इथं गल्लत फार होते. अरब लीगचे सदस्य देश २२. इराण त्यात नाही, तुर्कस्तान नाही, अफगाणिस्तान आणि पाकिस्तानही नाहीत. जगातल्या मुसलमानांत अरब साधारण पाचवा हिस्सा. इंडोनेशिया, पाकिस्तान, भारत आणि बांगलादेश या चारही देशांत कुठल्याही अरब देशापेक्षा जास्त मुसलमान राहतात. उलट सगळे अरब मुसलमानही नाहीत. इजिप्तमध्ये कॉप्टिक ख्रिस्ती मोठ्या संख्येनं आहेत. लेबनॉनमध्ये १९४३च्या राष्ट्रीय समझोत्यानुसार राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती असतो, पंतप्रधान सुन्नी आणि संसदेचा सभापती शिया. सद्दाम हुसेन यांच्या सरकारचा जगापुढचा चेहरा असलेले तारिक अझीझ ख्रिस्तीच होते. इराक-इराण युद्ध १९८० ते १९८८ चाललं. त्यात इराकच्या पायदळात बहुसंख्य सैनिक शिया होते आणि ते शिया इराणविरुद्ध लढले. अरब असलेला सीरिया मात्र इराणच्या बाजूला उभा होता.

हे सामान्यज्ञान झालं. माझा खरा आक्षेप पुढे आहे. आपल्या बातमीत ‘इस्लाम’ एका आवाजात बोलतो. ‘इस्लामला हे मान्य नाही’, ‘मुस्लिम जगतात संताप’, ‘मौलवींचा फतवा’. कोण मौलवी, कुठला, त्याला ओळखतं कोण, हे विचारण्याची पद्धत नाही. सुन्नी इस्लाममध्ये पोपसारखं पद नाही. इजिप्तमध्ये १८९५पासून ‘दार अल-इफ्ता’ नावाची सरकारी संस्था आहे. लोक वारसाहक्क, तलाक, बँकेतली ठेव असे प्रश्न घेऊन तिच्याकडे येतात आणि मुफ्ती मत देतात. ते मत असतं, कोर्टाचा हुकूम नसतो. १९८९मध्ये इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद सय्यद तंतावी यांनी काही सरकारी बचत प्रमाणपत्रांवरचं व्याज घेणं चालतं असं मत दिलं, तेव्हा इतर विद्वान त्यांच्यावर तुटून पडले. एकच ग्रंथ, एकच प्रश्न, दोन उत्तरं. सात वर्षांनी हेच तंतावी कैरोतल्या अल-अझहर या धर्मविद्यापीठाचे प्रमुख झाले. अशा वादांच्या बातम्या आपल्यापर्यंत येत नाहीत. येतो तो एखाद्या गल्लीतल्या माणसानं काढलेला विक्षिप्त फतवा, चौकटीत, गंमत म्हणून.

या एका आवाजाच्या समजुतीमुळे सर्वांत मोठं नुकसान झालं ते तिथल्या सुधारकांचं. महाराष्ट्राला हमीद दलवाई माहीत आहेत. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा विधिमंडळावर नेला आणि १९७०मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. दलवाईंबद्दल आपण कौतुकानं बोलतो, पण त्या कौतुकात एक अध्याहृत वाक्य असतं: इतक्या मोठ्या समाजात एकच असा निघाला. हे खरं नाही. कैरोत कासिम अमीन या न्यायाधीशानं स्त्रीमुक्तीवरचं पुस्तक १८९९मध्ये लिहिलं, आगरकरांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. तुर्कस्ताननं १९२४मध्ये खिलाफत रद्द केली, जिच्यासाठी भारतात केवढं आंदोलन झालं होतं. पुढच्याच वर्षी अली अब्दुल राझिक या अल-अझहरमध्ये शिकलेल्या, शरियतच्या कोर्टात न्यायाधीश असलेल्या विद्वानानं पुस्तक लिहून सांगितलं की खिलाफत ही इस्लामची धार्मिक गरज नव्हतीच. अल-अझहरच्या उलेमांनी त्यांना आपल्यातून काढून टाकलं, त्यांची नोकरीही गेली. स्तंभलेखक फराग फोदा यांना १९९२मध्ये कैरोत गोळ्या घालण्यात आल्या. कादंबरीकार नजीब महफूझ यांना १९८८मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं. १९९४मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, एका धर्मांधानं त्यांच्या मानेवर सुरा चालवला. ते वाचले, पण लिहिता हात कायमचा अधू झाला.

नरेंद्र दाभोलकरांच्या महाराष्ट्राला ही माणसं परकी वाटायचं कारण नाही. धर्मांधांच्या गोळ्या आणि सुरे झेलणारे हे लेखक अरबीत लिहीत होते आणि मुस्लिम समाजातच राहत होते. त्यांची नावं न घेता ‘मुसलमानांमधून कुणी बोलत का नाही’ असं विचारणं म्हणजे आपलं अज्ञान त्यांच्या खात्यावर टाकणं.

तलाकचंच पाहा. सर्वोच्च न्यायालयाचा २०१७चा निकाल आणि २०१९चा कायदा यांच्या सुमारास आपल्याकडे सगळीकडे एक वाक्य फिरत होतं: मुस्लिम देशांतही हे बंद आहे. वाक्य बरोबर होतं. पण बंद कसं झालं, हे फारसं कुणी सांगितलं नाही. इजिप्तनं १९२९च्या कायद्यानं एका दमात तीनदा उच्चारलेला तलाक एकच धरायचा असं ठरवलं आणि त्याला आधार घेतला तो इस्लामी धर्मशास्त्रातल्याच जुन्या मतांचा. ट्युनिशियानं स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी, १९५६च्या ऑगस्टमध्ये, बहुपत्नीत्वावर बंदी घातली आणि तलाक फक्त कोर्टातच होईल असा कायदा केला. दलवाईंच्या मोर्च्याच्या दहा वर्षं आधी. ‘त्यांच्याकडे बंद आहे’ हे वाक्य आपण मुसलमानांना हिणवायला वापरलं. ‘त्यांनी आपसांत वाद घालून बंद केलं’ हे वाक्य इथल्या मुस्लिम बाईच्या जास्त कामाचं होतं.

याची किंमत कुणाला मोजावी लागते, हे बघायला कैरोला जायला नको. २०२०च्या मार्च-एप्रिलमध्ये तबलिगी जमातीच्या बातम्या आठवा. करोना आणि जिहाद हे दोन शब्द जोडून वाहिन्यांनी आठवडेच्या आठवडे काढले. त्या काळात अहमदनगर जिल्ह्यात गुन्हे दाखल झालेल्यांत २९ परदेशी नागरिक होते: आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, जिबुती, बेनिन, इंडोनेशिया अशा देशांचे. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं ते गुन्हे रद्द केले. न्या. टी. व्ही. नलावडे यांनी लिहिलेल्या निकालपत्रात या परदेशी माणसांना बळीचा बकरा बनवल्याचं आणि माध्यमांनी त्यांच्याविरुद्ध मोठा अपप्रचार केल्याचं नमूद आहे. मार्चमधल्या बातमीला किती जागा मिळाली आणि ऑगस्टमधल्या निकालाला किती, हे प्रत्येक वाचकानं स्वतःच आठवून पाहावं.

या विषयावर लिहिलं की एक आरोप ठरलेला असतो: तुम्ही त्यांची वकिली करता. म्हणून दुसरी बाजूही मांडते. अरब सत्ताधीश माध्यमांच्या हातचे बळी नाहीत, ते माध्यमं व्यवस्थित वापरतात. ऑक्टोबर १९९०मध्ये अमेरिकी लोकप्रतिनिधींसमोर पंधरा वर्षांच्या एका कुवेती मुलीनं रडत साक्ष दिली, की इराकी सैनिकांनी रुग्णालयातल्या इन्क्युबेटरमधून अर्भकं काढून फरशीवर मरायला टाकली. ती बातमी जगभर छापून आली. युद्ध होऊन गेल्यावर, १९९२मध्ये उघड झालं, की मुलगी अमेरिकेतल्या कुवेती राजदूताची होती आणि या प्रचाराची सूत्रं एका अमेरिकी जनसंपर्क कंपनीकडे होती. इथं एक अरब सरकार दुसऱ्या अरब सरकारविरुद्ध पाश्चात्त्य माध्यमं वापरत होतं. सौदी पत्रकार जमाल खाशोगी यांची २०१८मध्ये इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत हत्या झाली. आखातात मजुराचा व्हिसा मालकाच्या हाती ठेवणारी कफाला पद्धत आहे आणि तिच्यामुळे पासपोर्ट गमावून बसलेल्या भारतीयांच्या कहाण्या खऱ्या आहेत. हे सगळं छापलंच पाहिजे. अरब जगाविषयी शिकायचं म्हणजे बगदादच्या सुवर्णयुगाचे, ‘सगळे शोध अरबांनीच लावले’ असे फॉरवर्ड पाठवायचे नाहीत. त्या फॉरवर्डमध्येही ‘का’ नसतं.

मग करायचं काय? मोठ्या संशोधनाची गरज नाही. आखाती देशांत सुमारे ९० लाख भारतीय राहतात आणि त्यांत मराठी माणूस भरपूर आहे. मस्कत, दुबई, कुवेत, बहरीन इथं महाराष्ट्र मंडळं आहेत, गणपती बसतात. पेपरला त्यांची आठवण येते ती युद्ध पेटल्यावर किंवा सोन्याचे भाव पडल्यावर. त्यांना वर्षभर लिहितं करा. पण त्यांचंही एक सांगते. वीस-वीस वर्षं मस्कतला राहून एकाही ओमानी घरात जेवायला न गेलेली आपली माणसं मला माहीत आहेत. तिथं राहिलं की तिथलं कळतं असं नाही. ओमानातले बरेच मुसलमान सुन्नीही नाहीत आणि शियाही नाहीत, ते इबादी पंथाचे आहेत, हे तिथं नोकरी करून आलेल्या किती जणांनी आपल्याला सांगितलं?

दोन वाहिन्या एकदम पाहायची सवय लावावी. दोहाची अल जझीरा १९९६ची, कतारच्या पैशावर चालते. सौदी मालकीची अल अरेबिया २००३ची. दोघींच्याही इंग्रजी बातम्या मोबाइलवर फुकट मिळतात. एकाच घटनेवर दोघी काय सांगतात आणि काय गाळतात, हे आठवडाभर पाहिलं तरी ‘अरब जगाचं मत’ नावाची गोष्ट नसते हे लक्षात येईल. आणि वाचायचं तर मराठीत सुरुवात करायला जागा आहे. विनोबांनी कुराण मुळातून वाचण्यासाठी अरबीचा अभ्यास केला आणि ‘कुराण-सार’ सिद्ध केलं. साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ लिहिलं. निलंग्यात जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींनी फारसी-उर्दू कागदपत्रं मराठीत आणण्यात आयुष्य घातलं. यांपैकी कुणालाही मुसलमानांची वकिली करायची नव्हती. शेजारी काय मानतो ते त्याच्याच ग्रंथातून वाचावं, एवढी साधी शिस्त त्यांच्याकडे होती. महाराष्ट्रात ती शिस्त होती, हे आपण विसरलो आहोत.

संपादकांकडे माझी मागणी छोटी आहे. विदेश पानावरच्या मोठ्या बातमीला चाळीस शब्दांची चौकट द्या: कोण, कुणाशी, कधीपासून, कशासाठी. ‘मुस्लिम जगत’ हा शब्द शैलीपुस्तिकेतून काढून देशाचं, पक्षाचं, माणसाचं नाव लिहायला सांगा. तेलाचा भाव वाढला की उंट आणि मुस्लिम कायद्याची बातमी आली की पाठमोरा बुरखा, हे दोन फाइल फोटो संगणकातून पुसून टाका. ज्या बाईच्या हक्काबद्दल बातमी आहे तिचा चेहरा छापायला काय हरकत आहे, तिची हरकत नसेल तर?

पण संपादक वाचकाच्या फोनला जितका भितो तितका कशालाच भीत नाही, हे मी आतून पाहिलं आहे. शब्दकोड्याचं उत्तर चुकलं, पंचांगातली तिथी सरकली, एखाद्या संताच्या पुण्यतिथीचं साल हुकलं, की सकाळी आठच्या आत फोन खणखणायला लागतात आणि दुसऱ्या दिवशी खुलासा छापून येतो. इराणला अरब देश म्हटलं म्हणून मात्र माझ्या सगळ्या नोकरीत एकही फोन आल्याचं मला आठवत नाही. वाचकाला जे खुपतं तेच सुधारतं. तेव्हा पुढच्या वेळी बातमीत ‘मुस्लिम जगतात संताप’ असं वाचलंत, की पेपरच्या कार्यालयात फोन लावा आणि नम्रपणे विचारा: कुठल्या देशात, कुणाला, आणि तुम्हाला कुणी सांगितलं?